माहुली ते सांगली : होडीच्या सफरीची आखणी

कृष्णाकाठी जन्म काढलेल्या माणसांना नदीवरची सफर कशी आखावी हे सांगणे म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणे, असे काही श्रोत्यांना वाटेल. घाट आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. पण घाट हा नदीचा ओटा. ओट्यावर बसून घराची पारख होत नाही. साताऱ्याच्या माहुलीचा घाट पाहिलेला आणि सांगलीच्या आयर्विन पुलावरून रोज सायकल हाकणारा माणूस या दोन ठिकाणांमधली नदी कशी आहे हे सांगू शकत नाही. आम्हीही सांगू शकत नव्हतो. पन्नाशी उलटेपर्यंत नदीविषयी आमचे ज्ञान म्हणजे पोहणे, पूर पाहणे आणि अस्थी सोडायला जाणे, एवढेच होते.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढले शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. साखर कारखान्यांतल्या कामगारांची संघटना बांधण्यात तीस वर्षे गेली, तेव्हा होडी वल्हवण्याच्या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आमच्या संघटनेतली सहा पोरे एका पावसाळ्यात कोलाडला कुंडलिका नदीवर रबरी होडीतून फेसाळ पाण्यावरची सफर करून आली आणि परत आल्यावर त्यांच्या डोक्यात वारे शिरले. दोन जुन्या फुगवायच्या होड्या त्यांनी वर्गणी काढून घेतल्या आणि आमच्याकडे आली. म्हणाली, "आण्णा, तुमी पाच हजारांचा मोर्चा काढताय, मग सात माणसं सांगलीला पोचवायला काय जड हाय?" आम्ही फशी पडलो. त्यानंतरचे चार महिने या आखणीत गेले, आणि मोर्चा सोपा असतो असे आमचे मत झाले.

आधी कोलाडचे सांगतो, कारण तिथेच आखणीचे पहिले सूत्र सापडते. कुंडलिकेला पावसाळ्याबाहेरही खळखळ असते, ती पावसाची नव्हे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरवतात, वीज तयार होते आणि वापरून झालेले पाणी नदीत सोडतात. ते सकाळी सुटले की होड्या निघतात. पाणी थांबले की नदी दगडांची होते आणि होडीवाले घरी जातात. म्हणजे नदी घड्याळावर चालते, आणि घड्याळाची किल्ली भलत्याच्याच हातात असते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचेही आज असेच आहे. ती वाळवंटातून वाहते. पाऊस आणि बर्फ पडतो दूरच्या डोंगरांत, आणि नदी जाते ती कोरड्या, उभ्या कड्यांच्या घळीतून. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एक हाताचा माणूस नऊ सोबती आणि चार लाकडी होड्या घेऊन तिच्यावरून पहिल्यांदा उतरला. उजवा हात त्याने यादवी युद्धात गमावला होता. बरोबर दहा महिन्यांचे धान्य घेतले होते. पंधरवड्यातच एक होडी खडकावर फुटली आणि तिच्यातला शिधा गेला. उरलेला भिजून कुजला. तीन महिन्यांनी ते शेवटाला पोचले तेव्हा खायला कुबट पीठ, वाळलेली सफरचंदे आणि कॉफी एवढेच राहिले होते. आज त्या नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ पासून तिथे पाणी अडवले जाते, आणि विजेची मागणी वाढते-घटते तसा विसर्ग कमी-जास्त होतो. होडीवाले बोटांवर हिशेब करतात की, वर अमुक वाजता सुटलेले पाणी आपल्या मुक्कामी किती वाजता येईल. तिथे खाजगी सफरीचा परवाना सोडतीने मिळतो, आणि माणसाची विष्ठासुद्धा डब्यात भरून परत न्यावी लागते. आमच्या पोरांना हे ऐकून हसू आले. आम्हांला नाही आले.

आता कोणी म्हणेल, कृष्णेचा आणि वाळवंटातल्या नदीचा संबंध काय? संबंध पुष्कळ आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. माण-आटपाडीला मात्र तो पाचशेच्या आतबाहेर येतो. येरळा खटावात उगम पावते, खानापूर-तासगावातून येऊन ब्रह्मनाळला कृष्णेस मिळते, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिच्या पात्रात शेळ्या चरतात. मराठीने वाळवंट हा एकच शब्द रुक्ष प्रदेशालाही लावला आणि नदीकाठच्या वाळूलाही लावला, तो उगाच नव्हे. आपली कृष्णा वरच्या डोंगरातल्या पाण्यावर खालच्या कोरड्या मुलखातून वाहते, आणि पावसाळा संपला की तिचे वाहणे धरणाच्या दारावर अवलंबून असते. २०२३ च्या नोव्हेंबरात सांगलीपाशी पात्र कोरडे पडले आणि कोयनेतून पाणी कधी व किती सोडायचे यावरून दोन जिल्ह्यांत वाद पेटला, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या आठवड्यात कोणी होडी घेऊन निघता तर होडी डोक्यावरून सांगलीला न्यावी लागती.

म्हणून नकाशा उघडण्याआधी क्युसेक समजून घ्या. वर्तमानपत्रात रोज हा शब्द येतो आणि आपण तो चवलीच्या नाण्यासारखा न पाहता पुढे ढकलतो. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८ लिटर, मोठ्या दोन घागरी. कोयनेच्या पायथ्याच्या वीजगृहातला एक संच चालला की नदीत १,०५० क्युसेक येते, दोन्ही चालले की २,१००. हे २,१०० क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरांचे सहा टँकर, दर सेकंदाला. माणमधल्या ज्या बाईने टँकरमागे धावून दोन हंडे भरले आहेत तिला हा आकडा एकदम कळतो. शहरातल्या माणसाला जरा वेळ लागतो. आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की एक टीएमसी भरतो. कोयनेचा साठा १०५ टीएमसींचा, पण त्यातले मोठे पाणी विजेसाठी पश्चिमेला, कोकणात उतरते. आपल्या बाजूला येते ते उरलेले.

दुसरी गोष्ट पांढऱ्या पाण्याची. पोरांना हवे होते फेसाळ पाणी. आम्ही त्यांना सांगितले की, आपल्या नदीवर पांढरे पाणी दोन जातींचे आहे, एक खडकाचे आणि एक भिंतीचे. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

खडकाचे पाणी वाचता येते. वाईखाली आणि कोयनेच्या वरच्या अंगाला काळ्या कातळाच्या पायऱ्या आहेत, त्यांवरून पाणी घसरताना खळाळ होतो. जगभर अशा खळाळांची एक ते सहा अशी प्रतवारी करतात. पहिली म्हणजे नुसती लहर, तिसरीला सराव हवा, सहावी म्हणजे जिवावरचा खेळ. कोलाडचे पाणी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. खळाळाच्या डोक्याशी उभे राहून पाहिले की पाण्यावर नांगराच्या फाळासारखे आकार दिसतात. फाळाचे टोक प्रवाहाच्या दिशेने, आपल्यापासून दूर असेल तर मधली वाट मोकळी. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकापाशी पाण्याखाली दगड बसलेला आहे. मोठ्या दगडाच्या पाठीमागे पाणी शांत असते, किंबहुना थोडे उलट वाहते. तिथे होडी घुसवली की दम खाता येतो. कोणी पाण्यात पडलाच तर त्याने उताणे व्हावे, पाय पुढे आणि वर ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा हट्ट करू नये. कमरेएवढ्याच पाण्यात पट्टीचे पोहणारे बुडतात ते यामुळेच. पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो आणि पाणी माणसाला वरून वाकवते. पोहता येणे आणि धारेत तगणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

भिंतीचे पाणी वाचता येत नाही, कारण वाचण्यासारखे तिथे काही नसते. बंधाऱ्यावरून सरळ रेघेत पडणारे पाणी थेट तळाला जाते, तळाशी आपटून काही अंतरावर वर उसळते, आणि तिथून त्याचा वरचा थर उलटा, भिंतीकडे वाहू लागतो. त्यात सापडलेली वस्तू भिंतीकडे ओढली जाते, पडत्या पाण्याखाली दबते, तळातून फिरून वर येते आणि पुन्हा भिंतीकडे जाते. लाकडाचा ओंडका तासन् तास असा फिरताना आम्ही पाहिला आहे. खडकाच्या खळाळात असे उलटे पाणी तुटक असते, कुठे ना कुठे बाजूने सुटायला फट असते. बंधारा माणसाने सुताने आणि ओळंब्याने बांधलेला, या काठापासून त्या काठापर्यंत सारखा. फट ठेवलेलीच नाही. वरून पाहणाऱ्याला तो तीन-चार फुटांचा किरकोळ धबधबा दिसतो, आणि होडीतून येणाऱ्याला तर तोही दिसत नाही. त्याला दिसते पुढे आडवी पडलेली एक रेघ आणि तिच्यापलीकडे झाडांचे नुसते शेंडे. बुडणाऱ्याला काढायला उडी मारणारा दुसरा माणूसही याच घाण्यात सापडतो. म्हणून आमच्या आखणीत पहिला नियम लिहिला गेला : बंधारा कितीही बुटका असो, दोनशे पावले आधी काठाला लागायचे आणि होड्या खांद्यावरून पलीकडे न्यायच्या.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. त्याला दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत पावसाळ्यानंतर बर्गे घालतात. बर्गे घातले की पाणी तुंबते, काढले की खांबांमधल्या गाळ्यांतून धावते. या गाळ्यांत झाडोरा अडकलेला असतो. पाणी जाळीतून जाते, माणूस जात नाही.

यावरून सफर कधी काढावी हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला सरळ उत्तर नाही. पावसाळ्यात नदी वाहती आणि बंधारे मोकळे, पण पुराचे पाणी कोणाचे ऐकत नाही. हिवाळ्यात बर्गे पडलेले, म्हणजे नदी ही तळ्यांची उतरंड होते. वाहते पाणी नाही, सगळे अंतर दंडाच्या बळावर तोडायचे. उन्हाळ्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी वरून पाणी सोडतात तेव्हा धार असते, पण ती पाळीने येते आणि ऊन माणसाला भाजून काढते. राहिला आश्विन. पूर ओसरलेला, बर्गे बहुतेक घालायचे आहेत, धार मध्यम. परंतु याच वेळी सगळी धरणे काठोकाठ भरलेली असतात. परतीच्या पावसाची एक सर वर पडली की दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, हंगामी कामगारांना हजेरीची हाक येते, आणि आमच्यासारख्याला बोनसच्या वाटाघाटींना बसावे लागते. नदी सोयीची होते नेमकी तेव्हाच कामगाराची मोकळीक संपते. शेवटी दसरा आणि गळीत यांच्यामधले आठ दिवस आम्ही हिसकावून घेतले. त्यासाठी रजेचे अर्ज लिहिण्यात जेवढी कसरत करावी लागली तेवढी पुढे पाण्यातही करावी लागली नाही.

नकाशाचे काम आम्हांला फार आवडले. सर्वेक्षण खात्याचा नकाशा घ्यावा, ज्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. शिवणाचा दोरा ओला करून नदीच्या वळणावळणाने बसवावा, मग ताणून मोजावा. सातारा ते कराड रस्ता बावन्न किलोमीटरांच्या जवळपास आहे. दोरा त्याहून बराच लांब भरतो. कराडच्या खाली तर नदी गायीच्या मुताच्या रेघेसारखी वळत जाते. दिवसाला वीस किलोमीटर धरावेत, अधिक नाही. शांत पाण्यात सराव नसलेला माणूस तासाला चार किलोमीटर वल्हवतो, समोरून वारा आला की तीन. प्रत्येक बंधाऱ्याला होड्या रिकाम्या करून, उचलून, पुन्हा भरण्यात तास-दीड तास मोडतो. ब्रिटिश अमदानीतला कराडवरचा खोडशीचा बंधारा, कराडखाली टेंभू, मग बहे, पुढे नागठाणे, असे एकेक ठिकाण दोऱ्यावर गाठ मारून ठेवावे. बहेला नदीच्या मधोमध रामलिंगाचे बेट आहे आणि प्रवाह फुटतो. तिथे कोणत्या अंगाने जायचे हे काठावरून पाहून ठरवावे, होडीत बसून नव्हे. आम्ही सफरीच्या आधी दोन रविवार मोटारसायकलवरून फक्त बंधारे पाहण्यात घालवले. प्रत्येक ठिकाणी कोणत्या काठाला लागायचे, चढण कोठे आहे, शेत कोणाचे आहे, हे लिहून घेतले. शेतकऱ्याला आधी विचारले की तो चहा देतो. न विचारता उसातून होडी नेली की कुत्री सोडतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

सामानाविषयी थोडक्यात. माणशी एक तरंगते जाकीट, आणि ते अंगात घालून बांधलेले. होडीत ठेवलेले जाकीट म्हणजे घरी विसरलेली छत्री. अंगात घातल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यात ते तरंगेल आणि माणूस खाली जाईल. डोक्याला टोप, पंधरा-वीस मीटर तरंगता दोर पिशवीत गुंडाळून प्रत्येक होडीत, एक जास्तीचे वल्हे, चाकू, शिट्टी, पंप आणि ठिगळे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. नदीवर जाऊन पाणी विकत न्यायचे हे ऐकायला कसे तरी वाटते, पण गावोगावची गटारे आणि कारखान्यांची मळी कुठे जाते हे साखर कामगारांना तरी सांगायला नको. निघण्यापूर्वी पाटबंधारे खात्याला आणि वाटेतल्या पोलीस ठाण्यांना लेखी कळवावे. त्याची पोच घ्यावी. पोच घेण्याचे महत्त्व आम्ही नव्याने सांगत नाही.

पुस्तकात न सापडलेली संकटेही सांगितली पाहिजेत. नदीच्या दोन्ही काठांना शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. त्यांचे पाइप पाण्यात उतरलेले असतात आणि विजेच्या वायरी कधी कधी हाताच्या उंचीवर लोंबतात. ओल्या वल्ह्याने त्यांना शिवू नये, आणि पाइपांच्या जवळून जाऊ नये. पुरात आडवी झालेली बाभूळ तर बंधाऱ्याच्या जाळीसारखीच, वर काटे जास्तीचे. जिथे वाळूचा उपसा झाला आहे तिथे गुडघाभर पाण्यातून एका पावलात दोन पुरुष खोल. कोळ्यांची जाळी लावलेली असतात, ती तोडू नयेत. भिलवडी, औदुंबर आणि खाली सांगलीपर्यंत मगरी आहेत. मगर होडीच्या वाटेला सहसा जात नाही, पण अंघोळीला, भांडी घासायला काठाशी वाकलेल्या माणसावर तिने झडप घातल्याचे या भागात झालेले आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरायचे नाही, आणि वाळूत मगर दिसली तर फोटोसाठी जवळ जायचे नाही. हा दुसरा भाग पोरांच्या गळी उतरवायला जास्त वेळ लागला.

आता सर्वांत अवघड भाग, माणसांचा. सातजणांत पुढारी कोण? पोरांनी आमचे नाव घेतले. आम्ही नकार दिला. पॉवेलची गोष्ट इथे पुन्हा सांगावी लागते. शेवटच्या टप्प्यात एका भयंकर खळाळापाशी त्याचे तीन सोबती म्हणाले, आता पुरे, आम्ही कडा चढून पायी जातो. रात्रभर बोलणे झाले. पॉवेलने पुढे जायचे ठरवले, ते तिघे वर चढून गेले. भांडण न करता दोन्ही बाजू वेगळ्या झाल्या, आणि दोघांनाही वाटत होते की दुसरा मरायला चालला आहे. होडीतले सहाजण दोन दिवसांत मोकळ्या पाण्यात सुखरूप पोचले. डोंगर चढून गेलेले तिघे वाटेत मारले गेले. वाचणारे म्हणतात, बघा, धीर धरला असता तर! आम्हांला त्यातून निराळे दिसते. अन्न संपलेले, होड्या मोडलेल्या, परतीची वाट नाही, अशा जागी पोचल्यावर मग मत विचारून उपयोग नसतो. नको म्हणण्याची सोय आधी, सुरक्षित जागी असायला हवी. म्हणून आम्ही असे ठरवले की, कोणत्याही पाण्यापुढे सातांतला एकजण जरी नको म्हणाला, तरी दोन्ही होड्या उचलून न्यायच्या. कारण विचारायचे नाही, चिडवायचे नाही, आणि रात्री जेवताना तो विषय काढायचा नाही. संपाचा निर्णय बहुमताने होतो, इथला नाही. संपात हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो.

हा नियम तीनदा वापरला गेला. दोनदा वजनकाट्यावरच्या पोराने, जो सगळ्यांत धट्टाकट्टा. एकदा आम्ही स्वतः.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र आमची आखणी फसली. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तिथून पाणी दुणावते आणि पात्र रुंद होते. त्याखाली एका वाळवंटात आम्ही तिसऱ्या रात्रीचा तळ दिला. सकाळी अकराला वरच्या एका धरणाच्या कार्यालयात फोन करून विचारले होते. आज काही सोडायचे नाही, असे उत्तर आले. वरच्या अंगाला धरणे पाच-सहा आहेत, कोणते ते सांगण्याचे कारण नाही. ज्याने सांगितले त्याने खरेच सांगितले होते. पण डोंगरात पाऊस झाला, दुपारी हुकूम बदलला. पाणी माणसाच्या चालीने येते, तासाला चार-साडेचार किलोमीटर. म्हणजे धरण पन्नास-साठ किलोमीटर वर असेल तर दुपारी एकला सुटलेले पाणी रात्री दोन-तीनला आपल्या उशाशी. हा हिशेब आमच्या वहीत लिहिलेला होता! हिशेब केला, आणि विचारणा मात्र एकदाच केली.

वाचवले ते एका काठीने. काठावर सायंकाळी काठी रोवायची, तिला विळ्याने खुणा करायच्या, आणि पाळीपाळीने एकाने जागायचे, ही सूचना एका म्हाताऱ्या कोळ्याची. आम्हांला ती जरा जास्तीची वाटली होती. बॉयलरवर रात्रपाळी करणाऱ्या गड्याची पाळी होती. तो म्हणाला, आवाज काहीच झाला नाही. बॅटरी मारली तर काठी जाग्यावर नव्हती. त्याने शिट्टी फुंकली. होड्या झाडाला बांधलेल्या होत्या म्हणून राहिल्या. स्वयंपाकाची भांडी, एक वल्हे आणि आमचे वाचायचे चष्मे गेले. पाऊण तासात आमच्या अंथरुणाच्या जागेवर मांडीएवढे पाणी होते. तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. विचारणा दिवसातून दोनदा, दुसरी सूर्यास्ताला. आणि मुक्काम पुराने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेघेच्या वर, मग तिथे दगड टोचोत की उसाचा पाला.

सहाव्या दिवशी ब्रह्मनाळ आले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी इथे महापुरातून गाव सोडणाऱ्या माणसांनी भरलेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. हौसेने निघालेले ते लोक नव्हते. घरात पाणी शिरलेले, बायका, पोरे, म्हातारी माणसे, एकच बोट, आणि सगळ्यांनाच आधी जायचे. काठावर बसून त्यांनी असे का केले हे विचारणे सोपे आहे. आमच्याजवळ नीट मोजलेली सात माणसे, सात जाकिटे, दोन होड्या आणि चार महिन्यांची आखणी होती, कारण आम्हांला कुठेही जायची गरज नव्हती. ज्यांना गरज होती त्यांच्याजवळ यातले काही नव्हते. आम्ही काठाला लागलो. भाकरी घेऊन आलेल्या एका बाईंनी होडीपेक्षा जाकिटेच हातात घेऊन पाहिली, पट्टे ओढून पाहिले, आणि एक केवढ्याला पडते ते विचारले. आम्ही सांगितले. त्यांनी मनाशी काही हिशेब केला. बोलल्या नाहीत. त्या गावानंतर पोरांनी गाणी म्हटली नाहीत ती थेट डिग्रजपर्यंत.

सांगलीला ऊन उतरताना पोचलो. १९२९ चा आयर्विन पूल खालून फार उंच दिसतो. तिथली पाणीपातळी बातम्यांत ऐकून आपल्याला पाठ आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला साडेसत्तावन्न. होडीत बसून मान वर करून ती साडेसत्तावन्न फुटांची जागा शोधली तेव्हा पोरे गप्प झाली. श्रावण-भाद्रपदात इथे होड्यांच्या शर्यती होतात, कृष्णा-वारणाकाठची गावे वल्ही घेऊन उतरतात. त्यांतले दोघे-तिघे घाटावर होते. त्यांनी आमच्या रबरी होड्या पाहिल्या, आमचे वल्हे धरणे पाहिले, आणि हसू दाबून चहा सांगितला. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो की वल्हे दंडाने नव्हे, पाठीने ओढायचे. आठ दिवस उशिरा शिकलो, म्हणून पुढचे चार दिवस बोनसच्या बैठकीत आम्ही सही करताना पेन डाव्या हाताने धरून बसलो होतो.

दोन्ही होड्या आमच्या कार्यालयाच्या माळ्यावर आहेत. एकीला ठिगळ लावायचे आहे. येत्या आश्विनात पोरे वाईपासून माहुलीपर्यंतच्या कातळाच्या टप्प्यावर जाणार म्हणतात. तो टप्पा लहान आहे, पण पाणी पांढरे आहे. एक जागा रिकामी आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर भेटावे, मात्र आधी चार रविवार बंधारे पाहायला यावे लागेल.